कास्त्रेनच्या वह्या : प्रस्तावना

सिंधू लिपीच्या निमित्ताने आस्को पार्पोला हे नाव आपल्याकडच्या जिज्ञासू वाचकांच्या कानावरून गेलेले असते. त्यापलीकडे फिनलंडची विद्वत्परंपरा मराठीत जवळजवळ अपरिचित आहे. हे पुस्तक ज्याच्याविषयी आहे तो मत्थियास अलेक्झांडर कास्त्रेन पार्पोलांच्या सव्वाशे वर्षे आधी, २ डिसेंबर १८१३ रोजी जन्मला आणि ७ मे १८५२ रोजी गेला. वय ३८. त्यातली जवळपास ७ वर्षे होडीत, घोड्यावर आणि रेनडिअरच्या घसरगाडीत गेली. 'कालेवाला' या फिनिश महाकाव्याचा पहिला स्वीडिश अनुवाद त्याने केला, हेलसिंकी विद्यापीठात फिनिश भाषेचा पहिला प्राध्यापक तो झाला, आणि उत्तर रशिया व सायबेरियातल्या ज्या भाषांना तोवर कोणी गंभीरपणे हात लावला नव्हता अशा अनेक भाषांची व्याकरणे त्याने लिहिली.

त्याची ओळख करून देताना बहुतेक जण अनुवादक कास्त्रेन एका परिच्छेदात उरकतात आणि लगेच सायबेरियाकडे वळतात. मला ते पटत नाही. सायबेरियात तो गेला त्याचे मूळ त्या अनुवादात आहे, आणि सायबेरियातून तो जे घेऊन आला त्यातले काय टिकले हे समजायलाही अनुवादकाची नजर उपयोगी पडते. म्हणून या पुस्तकात 'कालेवाला'ला वाचकाच्या अपेक्षेपेक्षा जास्त जागा मिळाली आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनच्या राज्याचा भाग होता. त्या वर्षी तो रशियाच्या झारकडे गेला आणि स्वतंत्र 'ग्रँड डची' म्हणून त्याला बरीच स्वायत्तता मिळाली. राज्यकर्ता बदलला, पण कचेरीची भाषा बदलली नाही. न्यायालये, विद्यापीठ, बड्या घरांतली संभाषणे, सगळे स्वीडिशमध्ये चालत राहिले. फिनिश ही बहुसंख्यांची भाषा. तिच्यात बायबल होते, प्रार्थनेची पुस्तके होती, पंचांग होते. पण शिकून पुढे जायचे तर स्वीडिशला पर्याय नव्हता. एकाच देशात राहणाऱ्या शेतकऱ्याची आणि न्यायाधीशाची भाषा वेगळी असणे आपल्याला काही नवलाचे नाही. फिनिश मात्र स्वीडिशच्या कुळातलीच नाही. स्वीडिश आणि रशियन या दोन्ही भाषा आपल्या मराठीच्या दूरच्या नातलग निघतात. फिनिशचे त्यांच्याशी कसलेच नाते नाही.

कास्त्रेनचे घर पाद्र्यांचे. जन्म केमी नदीच्या काठी तेर्वोला या गावी, आर्क्टिक वृत्ताच्या थोडे दक्षिणेला. घरात स्वीडिश, अंगणाबाहेर फिनिश, आणि थोडे उत्तरेला गेले की सामी लोकांचा मुलूख. वडील पुढे रोवानिएमीला पाद्री झाले आणि १८२५ मध्ये वारले. मुलगा तेव्हा जेमतेम अकरा-बारा वर्षांचा. केमीला त्याचे काका धर्मगुरू होते, त्यांना वनस्पतींचा अभ्यास करण्याचा नाद होता. त्यांनी पुतण्याचा सांभाळ केला. ओउलूच्या शाळेत धाकट्या मुलांना शिकवून त्याने आपला खर्च काही अंशी भागवला. मग हेलसिंकी. विद्यापीठ नुकतेच तिथे आले होते: १८२७ च्या भीषण आगीत तुर्कू शहर जळाले, त्यात विद्यापीठाचे ग्रंथालयही गेले आणि पुढच्या वर्षी संस्था राजधानीत हलवली गेली. घरची परंपरा पाहता तोही पाद्रीच व्हायचा. त्या बेताने त्याने ग्रीक आणि हिब्रू घेतले.

त्याची वाट वळली ती दोन कारणांनी. एक कारण रास्मुस रास्क. हा डॅनिश भाषापंडित आपल्या इतिहासातही डोकावतो. १८२० साली तो इराणमार्गे मुंबईत आला आणि इथल्या पारशी समाजाकडून त्याने अवेस्ताची जुनी हस्तलिखिते मिळवली. ती आज कोपनहेगनमध्ये आहेत. त्याआधी, १८१८ साली, याच प्रवासाच्या पूर्वार्धात तो फिनलंडमध्ये थांबला होता. नुसत्या शब्दांच्या सारखेपणावर विसंबू नका, भाषांची रचना ताडून पाहा, असे तो सांगे. त्याच्या प्रेरणेने आंद्रेआस योहान शोग्रेन हा फिनिश तरुण रशियातल्या फिनिशसदृश भाषांकडे वळला आणि पुढे सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत जाऊन बसला. कास्त्रेनने रास्क वाचला, आणि शोग्रेनने पुढे कास्त्रेनला सायबेरियात पाठवले. मुंबईत अवेस्ता शोधणारा माणूस असा या कथेच्या उगमापाशी उभा आहे.

दुसरे कारण १८३५ चे. कायानी या आडगावी सरकारी डॉक्टर असलेल्या एलियास ल्योनरोटने सीमेपलीकडच्या कारेलियात हिंडून लोकगायकांकडून जमवलेली गाणी एकत्र गुंफली आणि 'कालेवाला' या नावाने छापली. ३२ सर्ग, १२,०७८ ओळी. प्रती काढल्या ५००, आणि त्या संपायला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. आता या देशात महाकाव्य निघाले म्हणून सुशिक्षित वर्ग आनंदला, सभा झाल्या, भाषणे झाली, पण आनंदणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते वाचता येत नव्हते. गायकांची फिनिश बोली जुनी, तिच्यातले कित्येक शब्द देवघेवीच्या फिनिशमध्येही नाहीत, आणि स्वीडिशमध्ये शिकलेल्या प्राध्यापकाला तर पहिल्याच ओळीला ठेच लागायची.

कास्त्रेनने ते स्वीडिशमध्ये आणायचे ठरवले. अनुवाद सहसा परक्यांसाठी होतो. हा घरच्यांसाठी होता. फिनलंडच्या लोकांना फिनलंडचे काव्य वाचता यावे म्हणून फिनलंडच्या माणसाने ते आधीच्या राज्यकर्त्यांच्या भाषेत नेले. यातला विरोधाभास त्याच्या पिढीला जाणवत होता, पण त्यावाचून गत्यंतर नव्हते. १८३८ मध्ये तो एका डॉक्टर मित्राबरोबर लॅपलंडमध्ये फिरून आला होता. १८३९ मध्ये फिनिश साहित्य संस्थेच्या खर्चाने तो कारेलियात गेला. कारण उघड होते: एखाद्या मंत्रात येणारी वस्तू घरातल्या कोणत्या कोनाड्यात ठेवतात, अस्वल मारल्यावर कोणता विधी करतात, हे पाहिल्याशिवाय ओळ उतरत नाही. त्याने गायक ऐकले, समजुती टिपल्या, आणि आठ अक्षरांचा मूळ छंद स्वीडिशमध्येही सांभाळला. दोन भागांत तो अनुवाद १८४१ साली हेलसिंकीत छापला गेला.

त्याचा परिणाम देशाबाहेर जास्त झाला. १८४५ मध्ये बर्लिनच्या अकादमीत याकोप ग्रिमने फिनिश महाकाव्यावर व्याख्यान दिले. काव्यापर्यंत पोहोचायला त्याला कास्त्रेनच्या अनुवादाचा आधार होता. ग्रिमने दखल घेतली म्हणजे युरोपने घेतली, असे ते दिवस होते. देशात मात्र त्या अनुवादाला फार आयुष्य लाभले नाही. ल्योनरोटने १८४९ मध्ये 'कालेवाला'ची नवी, ५० सर्गांची आणि २२,७९५ ओळींची आवृत्ती काढली, तीच प्रमाण ठरली, आणि कास्त्रेनचा अनुवाद जुन्या आवृत्तीबरोबर मागे पडला. नव्या आवृत्तीचा स्वीडिश अनुवाद पुढे कार्ल कोलान याने केला. मूळ लेखकानेच पुस्तक बदलून टाकावे, हा प्रसंग अनुवादकावर क्वचितच येतो. कास्त्रेनने तक्रार केल्याचे माझ्या वाचनात नाही. तेव्हा तो सायबेरियातून नुकताच परतला होता आणि त्याच्यापुढे दुसरेच ढीग होते.

महाकाव्य हाती आले आणि एक जुना प्रश्न नव्याने टोचू लागला: आपण कोणाचे कोण? एस्टोनियन आणि सामी भाषा जवळच्या, हे दिसतच होते. हंगेरियनशी नाते आहे हे १८ व्या शतकात शायनोविच आणि ग्यार्मती यांनी दाखवून दिले होते. पण त्याहून पलीकडे धुके होते. युरोपातले वंशशास्त्रज्ञ फिन लोकांना मंगोलांच्या रांगेत बसवत आणि त्या काळी ती काही शाबासकी नव्हती. कास्त्रेनने १८३९ मध्ये फिनिश, एस्टोनियन आणि सामी यांच्या नामविभक्तींची तुलना करणारा लॅटिन प्रबंध लिहिला. पण पुस्तकांतून मिळण्यासारखे तेवढ्यात संपले. पुढची सामग्री छापलेलीच नव्हती. ती माणसांच्या तोंडात होती, आणि ती माणसे श्वेत समुद्रापासून येनिसेई नदीपर्यंत विखुरलेली होती. १८४४ साली त्याने योहान विल्हेल्म स्नेलमान या विचारवंत मित्राला लिहिलेल्या पत्रात आपला हेतू उघड सांगितला आहे. फिन हे जगाच्या इतिहासापासून तुटलेले, दलदलीत एकटे पडलेले लोक नाहीत, मानवजातीच्या निदान सहाव्या हिश्श्याशी त्यांचे नाते आहे, हे त्याला सिद्ध करायचे होते. व्याकरणे लिहिणे हे आपले उद्दिष्ट नव्हे, पण व्याकरणांशिवाय तिथे पोहोचता येणार नाही, असेही तो म्हणतो. हे वाक्य लक्षात ठेवावे. त्याच्या आयुष्याचा हिशेब मांडताना ते पुन्हा लागणार आहे.

पहिला मोठा प्रवास १८४१ मध्ये ल्योनरोटबरोबर सुरू झाला. लॅपलंड ओलांडून ते कोला द्वीपकल्पात गेले आणि तिथून अर्खांगेल्स्कला. तिथे वेनियामिन नावाचे एक मठाधिपती होते. त्यांनी नेनेत्स लोकांत धर्मप्रसार केला होता आणि त्यांना ती भाषा येत होती. त्यांच्याकडे शिकायचे, असा बेत. मठाधिपतींनी शिकवायला नकार दिला. ल्योनरोट दक्षिणेला ओनेगा सरोवराकडे वेप्स भाषेच्या शोधात निघून गेला. कास्त्रेनजवळचे पैसे संपत आले होते. फिनलंडच्या सरकारकडून अनुदान येईपर्यंत तो तसाच तग धरून राहिला आणि मग एकट्याने मेझेनच्या दिशेने टुंड्रात शिरला.

त्याच्या प्रवासवर्णनातला हा भाग मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. शिकवायला तयार झालेला नेनेत्स माणूस दारूच्या गुत्त्यावर सापडतो, दोन दिवस शिकवतो, तिसऱ्या दिवशी शुद्धीवर नसतो. व्यापाऱ्यांनी दारू आणि उधारी यांच्या जोरावर या लोकांचे रेनडिअरचे कळप कसे घशात घातले, हे कास्त्रेनला दिसत होते आणि त्याने ते लिहिले आहे. त्याच वेळी चिडून तो त्याच लोकांना नावेही ठेवतो. पेचोरा नदीकाठच्या उस्त-त्सिल्मा गावी रशियन 'जुन्या श्रद्धेच्या' लोकांनी हा कागदावर सतत काहीतरी उतरवून घेणारा परका कोणीतरी घातकी माणूस आहे असा संशय घेतला, आणि तिथे त्याच्या जिवावर बेतण्याची वेळ आली. १८४३ चा उन्हाळा त्याने कोल्वा गावी डासांच्या घोंगावण्यात कोमी भाषेवर काम करत काढला, हिवाळा लागताना उरल पर्वत ओलांडला आणि ओब नदीच्या मुखाजवळच्या ओब्दोर्स्कला, म्हणजे आजच्या सालेखार्दला, तो पोहोचला. तिथे त्याच्या छातीने दगा दिला. क्षय होता. १८४४ मध्ये तो परतला, कोमी भाषेचे व्याकरण लॅटिनमध्ये छापले, आणि पाठोपाठ मारी भाषेचेही.

क्षयाच्या रोग्याने घरी बसावे. कास्त्रेन १८४५ मध्ये पुन्हा निघाला, या वेळी पीटर्सबर्गच्या अकादमीच्या खर्चाने. योजना शोग्रेनची. ओब आणि येनिसेई या नद्यांच्या दरम्यान राहणाऱ्या लोकांच्या भाषा, चालीरीती, मूळ, सगळे तपासायचे. सोबतीला योहान राइनहोल्ड बेर्गस्टाडी हा विद्यार्थी. काझान, तोबोल्स्क, इर्तिशकाठचे खांती लोक, सुर्गुत, नारिमचे सेल्कुप, तोम्स्क, येनिसेईस्क, तुरुखान्स्क, आणि तिथून येनिसेईच्या प्रवाहाबरोबर खाली दुदिन्का आणि तोल्स्ती नोस. हे शेवटचे ठिकाण ७० अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. डिसेंबरात तिथे सूर्य उगवतच नाही. १८४६-४७ चा हिवाळा त्याने त्या टापूत काढला. मग दक्षिणेला मिनुसिन्स्क, सायान पर्वत, तिथून चिनी साम्राज्याच्या हद्दीत एक फेरी, पुढे बैकाल सरोवरापलीकडे बुर्यात लोकांत, क्याख्ता, नेर्चिन्स्क. १८४९ च्या आरंभी तो घरी आला.

त्याची काम करण्याची रीत साधी आणि चिवट होती. रशियन तो शिकून गेला होता. गावात पोहोचला की एक-दोन जाणकार माणसे मजुरीवर ठरवायची, त्यांच्याकडून शब्द घ्यायचे, मग त्या शब्दांची रूपे: एकाचे, दोघांचे, अनेकांचे, माझे, तुझे, त्याचे, काल, आज, उद्या. मग वाक्ये, गाणी, कथा. वही भरली की तिथेच बसून व्याकरणाचा आराखडा करायचा, म्हणजे अडलेले प्रश्न त्याच माणसाला पुन्हा विचारता येतात. पुढच्या गावी शेजारची बोली, पुन्हा तेच. टेपरेकॉर्डर नव्हता, ध्वनिलेखनाची सर्वमान्य लिपी नव्हती. ऐकलेला प्रत्येक आवाज कोणत्या अक्षराने लिहायचा हे त्याला स्वतःच ठरवावे लागे, आणि भाषा बदलली की पुन्हा ठरवावे लागे. ज्यांनी 'कालेवाला'च्या अनुवादातली त्याची चिकाटी पाहिली आहे त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. गायकाच्या तोंडातून आलेला शब्द घाईने आपल्या ओळखीच्या शब्दात बसवायचा नाही, हा धडा त्याने कारेलियात घेतला होता.

आता कोट भाषेकडे येतो. सायान पर्वताच्या उत्तरेला अगुल नदीच्या काठी त्याला ही भाषा बोलणारी ५ माणसे भेटली. फक्त ५. तिच्या कुळातल्या अरिन, असान, पुंपोकोल या भाषा तोवर संपल्या होत्या किंवा संपत आल्या होत्या. त्यांच्या १८ व्या शतकातल्या प्रवाशांनी केलेल्या शब्दयाद्या तेवढ्या उरल्या आहेत. कुळातली एकच भाषा बऱ्या स्थितीत होती, ती येनिसेईकाठची केत. या भाषांचा फिनिशशी संबंध नाही. नेनेत्स, सेल्कुप यांच्या सामोयेद गटाशीही नाही, तुर्कीशीही नाही. फिन लोकांचे नातलग शोधायला निघालेल्या, फुप्फुसे पोखरली गेलेल्या, वेळ मोजून असलेल्या माणसाला या ५ जणांकडून मिळण्यासारखे फारसे काही नव्हते. तरी तो थांबला. त्याने कोट भाषेचे शब्द घेतले, क्रियापदांची रूपे घेतली, अगदी गुंतागुंतीची, आत-बाहेर बदलणारी रूपे, आणि केत व कोट यांचे एकत्र व्याकरण तयार केले. ते त्याच्या मृत्यूनंतर १८५८ मध्ये छापले गेले. कोट भाषा लवकरच नाहीशी झाली. तिच्या व्याकरणाविषयी जगाला आज जे ठाऊक आहे त्याचा मुख्य आधार या वह्या आहेत. २००८ मध्ये एडवर्ड वाय्दा या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने येनिसेई भाषा आणि उत्तर अमेरिकेतल्या ना-देने भाषा एकाच कुळातल्या असाव्यात असा सिद्धांत मांडला. तो सर्वांना मान्य नाही. पण त्यावर वाद घालायचा तरी कास्त्रेनने टिपलेली क्रियापदे लागतात.

कामास या सामोयेद भाषेचीही कहाणी अशीच आहे, फक्त लांबलेली. कास्त्रेनने ती १८४७ मध्ये टिपली. १९१२ आणि १९१४ मध्ये काई डोनर हा फिनिश संशोधक त्याच्या मागावर तिथे पोहोचला तेव्हा बोलणारे मोजके उरले होते, आणि भाषा आता संपलीच असे पुढे धरले गेले. पण १९६० च्या दशकात क्लावदिया प्लोत्निकोवा ही वृद्ध स्त्री सापडली. तिला अजून कामास येत होती. एस्टोनियातल्या संशोधकांनी तिचे बोलणे ध्वनिमुद्रित केले, १९७० मध्ये ती ताल्लिनच्या फिनो-उग्रिक, म्हणजे फिनिश-हंगेरियन कुळाच्या, परिषदेलाही गेली. १९८९ मध्ये ती वारली. काई डोनरविषयी आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. त्याचे वडील ओटो डोनर हेलसिंकीत संस्कृतचे प्राध्यापक होते. कास्त्रेनचे काम पुढे चालवणारी फिनो-उग्रिक संस्था १८८३ मध्ये उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि त्यांनी १८७० मध्ये लिहिलेल्या ग्रंथाचा विषय होता आपला पिंडपितृयज्ञ.

परतल्यानंतर कास्त्रेनला ३ वर्षे मिळाली. खांती भाषेचे व्याकरण १८४९ मध्ये पीटर्सबर्गला निघाले. १८५० मध्ये त्याने ज्यांना तो 'अल्ताई' भाषा म्हणे त्यांच्यातल्या पुरुषवाचक प्रत्ययांवर लॅटिन प्रबंध लिहिला. त्याच वर्षी विद्यापीठात फिनिश भाषेचे अध्यासन स्थापन झाले, आणि त्याच वर्षी झार निकोलस पहिला याच्या सरकारने असा हुकूम काढला की फिनिशमध्ये धार्मिक आणि शेती-व्यवहाराच्या उपयोगाचे सोडून दुसरे काही छापायचे नाही. १८४८ च्या क्रांतीने सगळ्या राजांची झोप उडवली होती. म्हणजे भाषेला प्राध्यापक मिळाला आणि कादंबरी मिळायची बंद झाली. कास्त्रेनची नेमणूक मार्च १८५१ मध्ये झाली. फिनिशचा पहिला प्राध्यापक व्याख्याने देत होता ती स्वीडिशमध्ये. त्याने तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक तेंगस्ट्र्योम यांच्या मुलीशी, नतालियाशी, लग्न केले होते. १८५१ मध्ये मुलगा झाला. फिनिश पुराणकथांवरची आणि मानववंशांवरची व्याख्याने या एका वर्षातली. सामोयेद भाषांचे व्याकरण हे त्याला आपले मुख्य काम वाटत होते, आणि ते अपुरे असतानाच तो गेला. अध्यासनावर पुढे ल्योनरोट आला.

उरलेल्या वह्यांचे काय झाले, याचे उत्तर आंतोन शीफनर. पीटर्सबर्गच्या अकादमीतला हा माणूस तिबेटी भाषेचा पंडित होता. १८५२ मध्ये त्याने नव्या 'कालेवाला'चा जर्मन अनुवाद केला. अमेरिकन कवी लाँगफेलोने 'हायावाथा'चा छंद त्यावरूनच उचलला. त्याच शीफनरने १८५३ ते १८६२ या काळात कास्त्रेनचे प्रवास, पत्रे, व्याख्याने, व्याकरणे आणि शब्दसंग्रह जर्मनमध्ये १२ खंडांत छापून काढले. संपादकाचे काम असे निमूट असते म्हणून त्याच्याकडे लक्ष जात नाही. दुसऱ्याच्या घाईत लिहिलेल्या, चार-पाच भाषा मिसळलेल्या, कुठे पेन्सिलीने खरडलेल्या वह्यांतून व्याकरण उभे करणे सोपे नव्हते. आपल्याकडच्या संस्कृत अभ्यासकांना पीटर्सबर्गची ही अकादमी वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. ब्योटलिंक आणि रोट यांचा संस्कृत-जर्मन महाकोश १८५५ ते १८७५ या वर्षांत तिनेच छापला. त्यातल्या ब्योटलिंकने १८५१ मध्ये याकूत भाषेचेही व्याकरण लिहिले होते. संस्कृत, तिबेटी, याकूत, सामोयेद, सगळे एकाच इमारतीत. झारच्या साम्राज्याला आपल्या आणि शेजारच्या मुलखांची माहिती हवी होती, आणि त्या गरजेवर हे सगळे ज्ञान पोसले गेले. कास्त्रेनचा राष्ट्राभिमान आणि साम्राज्याची गरज काही काळ एकाच घसरगाडीत बसली होती, असे म्हणता येईल.

आता सहाव्या हिश्श्याचा हिशेब. सामोयेद भाषा आणि फिनो-उग्रिक भाषा एका कुळातल्या, हे कास्त्रेनने भरभक्कम पुराव्यानिशी दाखवले. आज ज्याला उरालिक कुळ म्हणतात त्याचा पाया तोच. हा भाग पक्का आहे. पण तो पुढे गेला. तुर्की, मंगोल, तुंगुस या भाषाही त्याने याच कुटुंबात ओढल्या आणि फिन लोकांचे मूळ अल्ताई पर्वतात नेऊन ठेवले. तो सावध होता, नुसत्या शब्दसाम्यावर भरवसा ठेवत नव्हता, पण प्रत्यय एकापुढे एक जोडण्याची पद्धत सारखी असली म्हणून नाते सिद्ध होत नाही, हे पुढच्या पिढ्यांनी दाखवले. उराल-अल्ताई कुळ आज बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानत नाहीत. दरम्यान मॅक्स म्यूलरने या सामग्रीचा आधार घेऊन 'तुराणी' नावाचे एक अवाढव्य कुळ कल्पिले आणि त्यात द्राविडी भाषाही बसवल्या. १८५६ मध्ये काल्डवेलने आपल्या द्राविडी भाषांच्या तौलनिक व्याकरणात तमिळ-तेलुगूचे नाते याच उत्तरेकडच्या भाषांशी जोडायचा प्रयत्न केला. कास्त्रेनच्या वह्यांची सावली अशी भारतापर्यंत पडली, आणि चुकीच्या जागी पडली. पुढे हंगेरीत आणि तुर्कस्तानात 'तुराण' ही राजकीय घोषणा झाली. त्याचा दोष मी त्याच्या माथी मारणार नाही, पण ज्याच्या संशोधनाची सुरुवात 'आम्ही मोठ्या घरचे आहोत' या ओढीने होते त्याच्या हातून अशा घोषणांना इंधन मिळते, हे मान्य करायला हवे.

ज्याला तो साधन म्हणत होता ती व्याकरणे आज कामाची आहेत, आणि ज्याला तो साध्य म्हणत होता तो सिद्धांत अर्धाच उरला आहे. नेनेत्स, एनेत्स, नगानासान, सेल्कुप, कामास, खांती, केत, कोट यांपैकी कोणत्याही भाषेवर काम सुरू करणाऱ्याला आजही कास्त्रेनपाशी यावे लागते. त्याच्या हस्तलिखितांच्या नव्या, सटीप आवृत्त्या फिनलंडमध्ये निघत आहेत. शीफनरने नीटनेटके करताना जे पुसले गेले ते त्यांत पुन्हा दिसते, उदाहरणार्थ एकाच शब्दाचे दोन माणसांनी केलेले दोन उच्चार.

सगळेच गोड नाही. मिनुसिन्स्कच्या परिसरात त्याने जुन्या समाध्या खणल्या, फिन पूर्वजांच्या खुणा मिळतील या आशेने. त्या कोणाच्या पूर्वजांच्या आहेत आणि खणायला कोणाची परवानगी हवी, हा प्रश्न त्या काळच्या विद्वानांना पडत नसे. त्यालाही पडला नाही. ज्यांनी त्याला भाषा शिकवली त्यांपैकी फार थोड्यांची नावे त्याच्या लेखनात येतात. भारतातल्या सर्वेक्षणांचे जुने खंड चाळणाऱ्याला ही गैरहजेरी ओळखीची आहे.

नावांबद्दल एक खुलासा. कास्त्रेन लॅप, ओस्त्याक, झिर्यान, चेरेमिस अशी नावे वापरतो. ती इतरांनी ठेवलेली आहेत, काही हेटाळणीची आहेत. या पुस्तकात त्यांच्याऐवजी सामी, खांती, कोमी, मारी अशी त्या लोकांची स्वतःची नावे वापरली आहेत. 'सामोयेद' हा शब्द फक्त भाषासमूहाचे शास्त्रीय नाव म्हणून ठेवला आहे. फिनिश आणि स्वीडिश विशेषनामे शक्य तितकी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. रशियन गावांना तेव्हाचे नाव देऊन पहिल्या उल्लेखाला आजचे नाव जोडले आहे.

प्रकरणे कालक्रमाने आहेत, पण लांबी सारखी नाही. बालपण आणि शिक्षण एका प्रकरणात संपते. 'कालेवाला'ला दोन, पहिल्या प्रवासाला तीन आणि दुसऱ्याला पाच प्रकरणे आहेत. प्राध्यापकीचे वर्ष पुन्हा एकाच प्रकरणात. व्याकरणाचे तक्ते परिशिष्टात टाकले आहेत. ज्याला विभक्तिप्रत्ययांत रस नाही त्याने ते खुशाल सोडावेत. अगुल नदीकाठचे प्रकरण मात्र तक्त्यांसकट वाचावे, कारण तिथे गोष्ट आणि तक्ते वेगळे काढता येत नाहीत.